दाण्याला हस्ताक्षर नसतं

आमच्या घरी मिश्र कडधान्यांची उसळ झाली की माझी मुलगी चमचा ताटाच्या कडेला ठेवते आणि बापाला विचारते, "बाबा, हूज व्होट आर वी ईटिंग टुडे?" पाहुणे बसलेले असले की ते आमच्याकडे बघतात, श्रीकांत आपल्या ताटात बघतो आणि सगळी हकीकत मला सांगावी लागते. श्रीकांत स्वतः कधीच सांगत नाही. त्याचं म्हणणं, मी सांगते ते खोटं नसतं, पण त्याला फोडणी फार असते. म्हणून एकदाची कमी तेलात लिहून काढते आहे.

या हकीकतीतल्या सरांचं नाव लिहीत नाही. ते असते तर त्यांनी त्यासाठी लेखी परवानगी मागायला लावली असती, तीन प्रतींत, आणि त्या तिन्ही प्रती मलाच टाइप कराव्या लागल्या असत्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोपासून तीन तास खाली गेलं की मका संपला की सोयाबीन आणि सोयाबीन संपलं की मका, असा सपाट मुलूख लागतो. त्यातलं आमचं विद्यापीठाचं गाव. श्रीकांत तिथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात वासरांच्या फुप्फुसांवर पीएच.डी. करत होता. मी पुण्याहून मराठीत एम.ए. करून गेले होते, म्हणजे तिथल्या हिशेबाने काहीच न करता गेले होते. पण व्हिसा असा होता की मला कामाची परवानगी मिळाली, टायपिंग येत होतं, आणि शरीररचना विभागाला टायपिस्ट हवी होती. मुलाखतीत विभागप्रमुखांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात पेशन्स आहे का?" मला वाटलं, हा अमेरिकन पद्धतीचा प्रश्न असेल. तो सरांबद्दलचा प्रश्न होता.

सर मूळचे विदर्भातले, आमच्या विभागात वीसेक वर्षं प्राध्यापक, घरी एकटे. सडपातळ, अंगाला फॉर्मलिनचा वास, आणि टायवर करंगळीच्या नखाएवढी सोन्याची किल्ली. विच्छेदनाच्या खोलीत ते टाय शर्टाच्या आत खोचायचे, पण काढायचे नाहीत. ती किल्ली एका सोसायटीची होती. पशुवैद्यकाच्या गुणवंतांची एक मानाची सोसायटी असते, इकडे तिला ऑनर सोसायटी म्हणतात. तिच्यात अर्ज करून जाता येत नाही, तिनेच आपल्याला घ्यावं लागतं. वर्गात वर असणाऱ्यांना गुणांवर घेतात, आणि संशोधन करणाऱ्याला प्राध्यापकांच्या मतांवर. वर्षातून एकदा बँक्वेट, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र, मोठ्या वहीत सही आणि ती किल्ली. बस, एवढंच. आमच्या शाखेचे सेक्रेटरी सर होते. गेली कित्येक वर्षं तेच होते, कारण दुसऱ्या कुणालाच ते काम नको होतं. सरांची मात्र अशी समजूत होती की अमेरिकेत राष्ट्राध्यक्षानंतर हेच एक जबाबदारीचं पद आहे.

ते मला पत्रं सांगायचे ती विरामचिन्हांसकट. आणि ती सवय त्यांच्या जिभेला इतकी बसली होती की घरच्या फोनवरसुद्धा सुटायची नाही. "श्रीकांत आहे का प्रश्नचिन्ह. नसेल तर राहू दे कॉमा मी नंतर करतो फुल स्टॉप." टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं की सगळ्या ऑफिसांत लावायचे तो पांढरा रंग त्यांना चालत नसे. "जखमेला चुना फासून जखम जाते का? नवा कागद घे." मी नवा कागद घ्यायची. कधी कधी एका पत्राला सात कागद जायचे. प्रमाणपत्रांवरची नावं मी बोरूसारख्या निबाने लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं मीच मूर्खासारखं एकदा बोलून बसले होते. एका वर्षी अठरा प्रमाणपत्रांपैकी अकरा त्यांनी परत केली. शाईचा काळा रंग सगळीकडे सारखा नव्हता.

"सर, हे कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," सर म्हणाले.

वाद घालायला गेलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नियम म्हणजे सांगाडा. मांस चढतं, उतरतं. सांगाडा हलला की जनावर बसलं."

त्यांच्या या वेडाचं मूळ मला शिकागोजवळच्या शॉमबर्गला सापडलं. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाची संक्रांत असायची आणि आम्ही सरांच्या गाडीतून जायचो. हॉलमध्ये नुसते डॉक्टर आणि इंजिनिअर. ओळख करून देताना प्रत्येक जण आपापलं हॉस्पिटल नाहीतर कंपनी सांगायचा. सर उभे राहून म्हणायचे, "मी गुरांचा डॉक्टर. आणि गुरांच्या गुणवंत डॉक्टरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी." लोकांना वाटायचं विनोद केला. लोक हसायचे. सर हसायचे नाहीत, किल्ली सरळ करून खाली बसायचे.

एकदा एक हृदयरोगतज्ज्ञ तिळगूळ देता देता मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "काय सर, आमचं मांजर फार शिंकतंय हो. तपासायची फी किती घ्याल?" आजूबाजूचे हसले. सरांनी खिशातून वही काढली. मांजराचं वय काय, नर की मादी, खायला काय देता, लसी कुठल्या झाल्या. जेवणाची रांग संपत आली तरी यांचं चालूच. ते गृहस्थ घाम पुसत उत्तरं देत होते. पुढच्या आठवड्यात सरांनी त्यांना थेट हॉस्पिटलात फोन लावला, मांजर कसं आहे विचारायला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिसऱ्या फोनला तो माणूस रडकुंडीला आला. "सर, आमच्याकडे मांजर नाही हो! गंमत केली होती!"

हा फोन सरांनी माझ्या टेबलावरून केला होता, म्हणून मला माहीत. सर गंभीरपणे म्हणाले, "मग शिंकत कोण होतं?"

ते खरंच काळजीत होते की त्यांनी सूड उगवला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सरांच्या बाबतीत असंच व्हायचं. राग धरावा तर नक्की कशाचा धरायचा, ते ठरेपर्यंत दुसरं काहीतरी व्हायचं.

आता मतदानाचं सांगते. आमच्या शाखेत मत कागदावर देत नसत. सेक्रेटरीच्या खोलीत दोन डबे असायचे, एकात मक्याचे दाणे, एकात सोयाबीनचे. मधे एक काचेची बाटली, झाकणाला भोक पाडलेली, बाहेरून काळा कागद गुंडाळलेली. आठवडाभरात प्राध्यापकांनी एकेकट्याने आत जायचं, दार लावायचं आणि एक दाणा टाकायचा. मका म्हणजे होय, सोयाबीन म्हणजे नाही. मतं एकूण एकतीस. सहापर्यंत सोयाबीन चालत. सातवा निघाला की उमेदवार गेला. ही पद्धत म्हणे गावात नुसते शेतकरीच होते त्या काळापासूनची. बाकीचे तिला कंटाळले होते, सर मात्र धरून बसले होते. "कागदावरचं अक्षर ओळखता येतं. दाण्याला हस्ताक्षर नसतं." एका वर्षी बाटली ऑफिसात राहिली आणि उंदराने झाकण कुरतडून दोन मतं खाल्ली. तेव्हापासून शुक्रवारी मतदान संपलं की सर बाटली घरी न्यायचे आणि सोमवारी कमिटीसमोर उघडायचे.

त्या वर्षी संशोधनातून एकच नाव होतं. श्रीकांतचं.

आणि आम्हाला ते हवं होतं. हौसेपोटी नाही, गरजेपोटी. श्रीकांतची शिष्यवृत्ती मे महिन्यात संपत होती. शेजारच्या राज्यात एका कॉलेजात त्याची मुलाखत झाली होती, आणि तिथल्या प्रमुखांनी फोनवर सरळ सांगितलं होतं, "आमच्याकडे दोन नावं अडकली आहेत. तुझ्या त्या सोसायटीचं काय होतं ते कळव. कमिटीत दोघे जण त्याला फार मानतात." ते झालं नाही तर बॅगा भरायच्या, आणि श्रीकांतने रजा घेऊन राखलेल्या जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातल्या नोकरीवर परत रुजू व्हायचं. मला परत जायचंच नव्हतं असं नाही. मला असं, हात हलवत परत जायचं नव्हतं. सासरी मी येताना फार मोठमोठं बोलून आले होते.

सर आपले, मराठी, घरोब्याचे. मला वाटलं, बरंच आहे की. पण नाव जाहीर झालं त्या दिवसापासून त्यांनी श्रीकांतशी बोलणंच बंद केलं. जिन्यात समोर आला तर भिंतीकडे बघायचे. दोन आठवडे. शुक्रवारी मतदान संपलं आणि शनिवारी सकाळी फोन वाजला.

"उद्या जेवायला या कॉमा दोघंही कॉमा बरोब्बर साडेबाराला फुल स्टॉप. मतदान संपलं कॉमा आता बोलायला हरकत नाही. आणि कागद घे. बँक्वेटची बसायची व्यवस्था सांगतो."

तासभर त्यांनी मला टेबलं सांगितली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. सर रिसीव्हर खांद्यात धरून उद्याच्या स्वयंपाकाची तयारी करत होते. "टेबल चार कॉमा डीनच्या डाव्या हाताला..." आणि खळ्ळ करून काहीतरी भांड्यात ओतल्याचा आवाज. मी टेबल चार लिहून घेतलं. म्हणजे ते घडलं तेव्हा मी फोनवर होते. साक्षीदारच म्हणायची.

रविवारी गेलो. सर त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी श्रीकांतच्या पाठीवर थापही मारली. पोळ्या जाड पण गरम, कांद्याची कोशिंबीर, आणि मुख्य म्हणजे उसळ. मूग, मटकी, चणे, वाटाणे, राजमा, जे असेल ते सगळं. श्रीकांत भुकेला असला की जेवत नाही, गिळतो. त्याने दोनदा उसळ घेतली. मी दुसराच घास चावला आणि दाढेत खटकन काहीतरी आलं. दगड असावा म्हणून हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवलं. दगड नव्हता. मका होता. भाजून खायचा तो गोड मका नव्हे, शेतातला, गुरांचा, रात्रभर भिजवून आणि शिजवूनही टणक राहिलेला.

"सर, तुम्ही उसळीत मका घालता?"

"नाही ना. मका कशाला घालीन?"

"मग हा काय आहे?"

सरांनी चष्मा लावला. ताटात वाकून पाहिलं. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. आम्ही आत गेलो तर सर हातात एक रिकामी काचेची बाटली घेऊन उभे.

झालं होतं ते असं. चोराला संशय येऊ नये म्हणून सरांनी बाटलीवरचा काळा कागद काढून ती कपाटात कडधान्यांच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली होती. दाण्यांत दाणे कोण शोधणार, असा त्यांचा बेत. दर शनिवारी ते सगळी झाकणं धुवायचे, तशी ती धुवायला काढली. आणि मग खांद्यात फोन, डोळ्यांवर चष्मा नाही, रांगेतल्या प्रत्येक बाटलीतलं मूठभर. शेवटच्या बाटलीत थोडंच उरलेलं दिसलं, म्हणून ती सगळीच उपडी केली. टेबल चार, डीनच्या डाव्या हाताला.

श्रीकांत म्हणाला, "म्हणजे मी..."

"पुढे खाऊ नको!" सर ओरडले. "कुणी काही गिळू नका!"

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. शरीररचनेचा माणूस तो. आतून पांढरा ट्रे आणला, चिमटा आणला. पातेलं उपसलं, आमची तिघांची ताटं उपसली, आणि टेबलावर उसळीचं शवविच्छेदन सुरू झालं. मका एका बाजूला, सोयाबीन दुसऱ्या बाजूला. सोयाबीन त्यांच्या घरी एरवी नसायचंच, तेवढं बरं. पण भिजलेलं सोयाबीन आणि वाटाणा यांतला फरक ओळखायला सरांना भिंग लागलं. मी वही घेऊन आकडे लिहीत होते, कारण लिहायला मीच असते.

मका बावीस. सोयाबीन चार. एकूण सव्वीस. पाच दाणे गायब.

"पाच पोटात गेले," सर म्हणाले.

"बावीस मका म्हणजे पुष्कळ झाले की," मी म्हणाले.

"ते महत्त्वाचं नाही. गेलेले पाच कोण होते?" सरांनी चिमटा खाली ठेवला. "तुला मका दातात लागला. कोणालाही लागला असता. न कळता गेलं ते मऊ असणार. म्हणजे सोयाबीन."

"श्रीकांत काहीही न चावता गिळतो, सर. दगड असता तरी गिळला असता."

"अगं!" श्रीकांत म्हणाला.

"मी तुझ्याच बाजूने बोलतेय!"

पण सर म्हणाले ते बरोबर होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. चार आणि पाच नऊ. श्रीकांतने स्वतःविरुद्धची मतं स्वतःच खाल्ली असणं अगदी शक्य होतं. वर दुसऱ्यांदा मागूनही घेतली होती.

इथे मी जे बोलले ते श्रीकांतच्या मते मी पाहुण्यांना सांगू नये. पण लिहायला बसले आहे तर लिहिते. मी म्हणाले, "सर, हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. ऑफिसात दोन्ही डबे आहेत. उद्या सकाळी लवकर जाऊन बाटली परत भरा."

मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. उलट खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि शांतपणे विचारलं, "भरतो. सोयाबीन किती टाकू?"

मी ट्रेकडे पाहिलं.

"सांग ना. मी टाकतो. किती?"

आणि देवाशपथ सांगते, मी विचार केला. एकही नसलं तर संशय येईल, पाच-सहा म्हणजे फार काठावर. मी म्हणाले, "तीन."

श्रीकांतने माझ्याकडे असं पाहिलं की आपण कोणाशी लग्न केलंय हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. मग सरांनी ट्रेवर फडकं टाकलं आणि मला म्हणाले, "उद्या आठला ये. रिपोर्ट टाइप करायचा आहे."

तो रिपोर्ट मी तीन प्रतींत टाइप केला. 'सेक्रेटरीच्या हलगर्जीपणामुळे मतं शिजवली गेली, आणि त्यांतली काही, उमेदवार, उमेदवाराची पत्नी व सेक्रेटरी यांनी अजाणता खाल्ली.' हे वाक्य इंग्रजीत, विरामचिन्हांसकट, न चुकता, कारण पांढरा रंग चालत नव्हता. चौथ्या कागदाला मला हसू फुटलं आणि पाचव्याला रडू.

कॉलेजभर एकच हशा झाला. कुणी सरांच्या दारावर रिकामं ताट अडकवलं, कुणी पाककृती मागितली. विभागप्रमुख भले गृहस्थ. ते म्हणाले, "डॉक, हात वर करून घेऊन टाकू या मतं. पाच मिनिटांचं काम आहे." सर म्हणाले, नाही. पुन्हा बाटली, पुन्हा एकतीस जण, पुन्हा एकेकट्याने. आणि तोवर तिकडच्या कॉलेजला कळवायचं थांबलं, हे त्यांना माहीत होतं. मी दिवसातून दोनदा त्यांना तारीख सांगत होते. ते म्हणायचे, "मला कॅलेंडर दिसतं ना."

गुरुवारपर्यंत एकोणतीस झाली. राहिले एक प्राध्यापक, जे चाळीस मैलांवर एका शेतावर अडलेल्या गाईपाशी होते, आणि स्वतः सर. शुक्रवारी सर म्हणाले, "चल. साक्षीदार पाहिजे." बाटली माझ्या मांडीवर, तिला सीटबेल्ट, दोन डबे पायांशी. सर ताशी पस्तीस मैलांनी. मागच्या ट्रकवाल्यांनी आम्हाला जे काही म्हटलं असेल ते मला काचेतून ऐकू आलं नाही, पण कळलं.

गोठ्यात ते प्राध्यापक खांद्यापर्यंत गाईत. सरांना बघून तिथूनच ओरडले, "डॉक, माझा एक टाकून दे रे! मक्याचा!"

सर दचकून मागे फिरले आणि कानांवर हात ठेवून गोठ्याबाहेर गेले. मला म्हणाले, "मी ऐकलं नाही. तू ऐकलं का?"

"काय, सर?"

"शाब्बास."

मग आम्ही वाट बघितली. दोन तास. मार्चचा वारा, पायाखाली चिखल, आणि मी शेणात उभी राहून एका अमेरिकन गाईच्या सुटकेसाठी मनोमन प्रार्थना करते आहे. वासरू झालं, गाय उठली, प्राध्यापकांनी हात धुतले, गाडीत एकटे बसून दार लावलं आणि दाणा टाकला. बाहेर येऊन मला म्हणाले, "हा माणूस तुला पगार किती देतो गं?"

परत ऑफिसात पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. उरलं फक्त सरांचं मत. मला म्हणाले, "बाहेर बस. सील करताना सही लागेल." आणि दार लावलं. एक दाणा टाकायला किती वेळ लागतो? पाच वाजले, सव्वापाच झाले, माझी बस गेली. आतून खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही. पावणेसहाला दार उघडलं. मी सही केली आणि निघाले. म्हटलं, आता दाणेसुद्धा निवडून घेत असतील, न किडलेला बघून.

सोमवारी कमिटीसमोर बाटली उघडली. मका पंचवीस. सोयाबीन सहा. श्रीकांत काठावरून आत.

श्रीकांतने त्याच दुपारी तिकडे फोन केला, आणि बँक्वेटच्या दोन दिवस आधी नोकरीचं पत्र आलं. मी सासूबाईंना एरोग्राम लिहिला, त्यात उसळीचा उल्लेख केला नाही.

बँक्वेटला मी कांजीवरम नेसले होते. सरांनी श्रीकांतच्या टायला किल्ली लावली, आणि ती सरळ बसेना म्हणून दोनदा काढून पुन्हा लावली. सगळ्या हॉलमध्ये सर्वांत आनंदात तेच होते, आमच्यापेक्षाही. इतक्या दिवसांचा सगळा राग विरघळला. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि मराठीत म्हणाले, "सर, एका मताने वाचलो. तुमच्या मताने. हे मी विसरणार नाही."

सरांनी काटा खाली ठेवला. तोंड पुसलं.

"माझे आभार मानू नको," म्हणाले. "माझा दाणा सोयाबीनचा होता."

मला वाटलं, गंमत करतायत. पण हा माणूस गंमत कुठे करायचा?

"शेवटच्या भागात त्याने जो निष्कर्ष काढला ना, तो बारा वासरांवरून काढता येत नाही. बाकी काम चांगलं आहे. पण ते बारांवर उभं राहत नाही."

"आणि अजून एक सोयाबीन पडलं असतं तर?"

"तर गेला असता."

"सर, आम्ही परत गेलो असतो! सामान बांधून! तुम्हाला माहीत होतं ते!"

"हो ना," सर म्हणाले. "पाऊण तास आत दुसरं काय करून राहिलो होतो मी?"

बोलायला लागले असते तर त्या हॉलमध्ये डीनच्या डाव्या हाताला उभी राहून कांजीवरममध्ये भांडणारी मी पहिलीच बाई ठरले असते. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि चीजकेक खाल्ला. रागात मला गोड जास्त जातं.

गाडीत बसल्यावर श्रीकांतला सगळं सांगितलं. म्हटलं, निदान हा तरी चिडेल. श्रीकांत पुढे बघून गाडी चालवत राहिला.

"किती वासरं म्हणाले?"

"बारा."

"अकराच होती," श्रीकांत म्हणाला. "एक मधेच मेलं. बरोबर आहे त्यांचं."

त्यानंतर तीन दिवस मी दोघांशीही बोलले नाही. घरी नाही, ऑफिसात नाही. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी थांबले, पत्रांचा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "या आठवड्यात तुझं टायपिंग फार सुधारलं आहे."